भुवी इंग्रजीत बोलली

—पाण्याला मी न्हाई म्हणणार न्हाई. दारात आलेल्या माणसाला पाणी देतेत आमच्यात, मंग तो कुणी का असंना. घ्या. त्या स्टुलावर बसा, पंख्याखाली बसा, उन्हातनं चालत आलाव. पण भुवीला मी खाली बोलवणार न्हाई, आन ती शाळेला पण येणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा बी वेळ जाणार न्हाई आन माझा बी. आन मी मराठीतच बोलणार बगा सिस्टर. तुम्ही मंगळूरच्या, तुमचं कानडी निराळं, आन माझं कानडी दुकानापुरतं — साखर किती, साबण कुठला, सुट्टे है का. माहेर ठाणाकुशनूरचं माझं. राग आला की मला मराठीच येतं. तुम्हाला कळतं म्हणे. भुवीच सांगत होती, आमच्या नव्या सिस्टरला सगळं कळतं, त्या लातूरला होत्या आधी. कळतं न्हवं? मंग ऐका.

फोन तुम्ही केलाव. मी न्हवते आले माझ्या मनानं. "निलम्मा, तुमची भुवनेश्वरी शाळेची लीडर है, गुलबर्ग्याला लीडर पोरापोरींचा मेळावा है, तुम्ही पण या तिच्यासंगं" — असं म्हणलाव का न्हाई? मला काय वाटलं सांगू? मला वाटलं बक्षीस देणार. खरंच वाटलं. शाळेत पयला नंबर आला तवा पण असंच बोलवलं होतं, वाटी दिली होती स्टीलची. मी कपाटातनं ते मोरपंखी इरकल काढलं, माझ्या थोरल्या पोराच्या, मृत्युंजयच्या मुंजी— न्हाई ओ, मुंज कुठली आमच्यात, त्याच्या लिंगदीक्षेला घेतलेलं. चिवडा केला डबाभर, पोरं खातील म्हणून. आमचे मालक तर स्वतः बस स्टँडवर सोडायला आले, भुवीला म्हणाले, "माईक दिला तर भिऊ नको, खणखणीत बोल." बापानंच सांगितलं होतं तिला. आता तोच बाप तिच्याकडं बघत न्हाई.

गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, कामून पाठवायलीस, चर्चमध्ये नेतेत, गाणी म्हणायला लावतेत, हळूच बाटवतेत. मी म्हणलं, गळ्यात लिंग है माझ्या पोरीच्या, ती काय साखरेची पुडी है का कुणी पण उचलावी! तुमच्यासाठी भांडले मी, सिस्टर. बायकांशी भांडले. आन तुम्ही बाटवलं न्हाई, ते खरं है, ते मी खोटं बोलणार न्हाई. बाटवलं असतं तर बरं झालं असतं — तवा काय करायचं ते ठाऊक है लोकांना. हे जे केलाव त्याला काय करायचं ते कुणालाच ठाऊक न्हाई.

तो हॉल मला अजून दिसतो. चर्चच्या मागं, निळ्या खिडक्या, पोरं नुसती भरलेली — बीदरची, रायचूरची, कुठकुठली. भिंतीवर एवढा मोठा कापडी बोर्ड, इंग्रजीत. मी भुवीला इचारलं, काय लिवलंय गे? तर म्हणाली, "मनाचं आरोग्य, अव्वा." मी हसले. मनाचं कसलं आलंय आरोग्य? दाताचं असतं, पोटाचं असतं. मंग गाणं झालं, हात वर, हात खाली. मंग त्या बेंगळूरच्या डॉक्टरीणबाई उठल्या. कानडीत बोलल्या त्या, सोपं बोलल्या, मला सगळं कळलं. की मन पण आजारी पडतं. ताप येतो तसं. त्या वयात जास्त पडतं. पोरगं एकदम गप होतं, जेवत न्हाई, आंघोळ करत न्हाई, केस विंचरत न्हाई, झोपतच न्हाई न्हाईतर झोपूनच ऱ्हातं. आईबापाला वाटतं आळस है, माज है. पण तो आजार है आन त्याला औषध है, असं म्हणल्या. औषध है! मी खुर्चीला धरून बसले. पण मी काय केलं — मी डब्याचं झाकण उघडून बघितलं, चिवडा मऊ पडला का म्हणून. माणूस असंच करतं.

माझी थोरली, चन्नम्मा. आता सगळ्या गुलबर्ग्याला ठाऊक है, तवा तुमच्यापुढं काय झाकायचं. दहावीत होती. मागच्या अंगणातल्या आडात पडली. पाणी शेंदताना पाय घसरला. पंचनाम्यात तेच है, पावण्यारावळ्यांना तेच सांगितलं, आन भुवीला पण तेच, ती लहान होती तवा. ह्यांनी तो आड बुजवला. मजूर न्हाई लावला, स्वतः फावडं घेऊन बुजवला, अंगात ताप असताना. वर बेलाचं रोप लावलं. तवापासून ह्या घरात तिचं नाव कुणी घेतलं न्हाई. घ्यायचंच न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई, पण कुणी घेतलं पण न्हाई.

मंग माईक फिरवला तुम्ही. ज्याला जे वाटतं ते बोला म्हणलाव. एक पोरगं म्हणालं परीक्षेची भीती वाटते. एक पोरगी म्हणाली बाप दारू पितो, ती रडली, सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. मला वाटलं, बाई बाई, चारचौघांत घरचं काढायलीय, आईनं काय शिकवलं हिला! असंच वाटलं मला. आन मंग भुवी उठली. मी बाजूच्या बाईला कोपरानं ढोसलं — ही माझी. आन भुवी इंग्रजीत सुरू झाली. फडाफडा! माझ्या पोटची पोरगी, किराणा दुकानदाराची, आन इंग्रजी कसं, नळ सोडल्यासारखं. मला काय कळतंय त्यातलं? एक शब्द कळला — सिस्टर. सिस्टर, सिस्टर म्हणत होती सारखी. मला वाटलं तुमचीच तारीफ करायलीय. शाळेच्या सिस्टरनं असं शिकवलं, सिस्टरनं तसं शिकवलं. मधी तिचा आवाज चिरकला, मला वाटलं दम लागला. मंग ती थांबली. संपलं भाषण. आन मी टाळ्या वाजवल्या.

एकटीनं वाजवल्या, सिस्टर. सगळा हॉल गप, आन मी हसत टाळ्या वाजवायलेय. बाजूच्या बाईनं माझा हात धरला. मी बघितलं तर तिच्या डोळ्यात पाणी. पुढची पोरं मागं वळून बघायलीत. मंग तुमच्या त्या फादरनं माईक घेतला, म्हणाला, आईवडलांसाठी कानडीत सांगतो. सांगायची काय गरज होती त्याला? भुवी तिथंच उभी, माझ्याकडं बघायलीय, आन तो एकेक वाक्य सांगायलाय, गुळगुळीत, पुस्तकातल्या कानडीत. "माझी बहीण घसरली नाही. ती स्वतः गेली. आमच्या घरी तिचं नाव कोणी घेत नाही. फोटो पेटीत ठेवला आहे. ती कशी गप झाली होती ते मला आठवतं, आणि आता कधी कधी मी पण तशीच गप होते. मला भीती वाटते. मी कोणाला सांगू?" — असं. हे बोलली होती माझी पोरगी. ह्याला मी टाळ्या वाजवल्या.

थांबा. गिऱ्हाईक आलं. — ये गे यल्लम्मा, काय पायजे? खोबरेल? लहान बाटली का मोठी? ह्या व्हय, शाळेच्या सिस्टर हैत, वह्यांचा भाव इचारायला आल्यात, शाळेला घाऊक पायजेत म्हणे. — न्हाई सिस्टर, डझनामागं तेवढं परवडत न्हाई बगा, कागद महाग झालाय. — हे घे. मांडते खात्यात, जा. — गेली. बघितलाव कशी बघत होती तुमच्याकडं? आता चौकात जाऊन सांगंल, सिद्धलिंगप्पाच्या दुकानात सिस्टर बसलीय, म्हणजे पोरीचं काहीतरी अजून है. असं है आमचं गाव. लॉऱ्या थांबतेत हायवेवर, अर्ध्या दुनियेचा माल जातो हुमनाबादवरनं, आन मालाच्या आधी बातमी जाते.

मी उठले आन तिचं मनगट धरून तिला हॉलाच्या भाईर काढलं. तुम्ही मधी आलाव, मी तुम्हाला ढकललं, त्याचं मला वाईट वाटत न्हाई. त्या डॉक्टरीणबाई फाटकापर्यंत मागं आल्या, "अम्मा, एक मिनिट, अम्मा" करत. चिवड्याचा डबा तिथंच राहिला. बसमध्ये मला वाटलं आता ही रडंल, माफी मागंल, मंग मी बोलीन. आन तिनं काय केलं ठाऊक है? झोपली. माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. गुलबर्गा सुटलं न्हाई तवर झोपली ते हुमनाबादच्या स्टँडवर हलवून उठवलं. मी हलले न्हाई. खांदा आखडून गेला माझा, पण हलले न्हाई. तिला किती दिवसांची झोप बाकी होती ते मलाच ठाऊक.

आन मंग काय झालं ते ऐका, मेळावा करताव न्हवं तुम्ही, मेळाव्यानंतरचं कोण ऐकणार? मृत्युंजय, आमचा थोरला, पुण्याला चाकणात कंपनीत है. त्याचं ठरलं होतं मंठाळच्या पोरीशी, जगदेवप्पाच्या लेकीशी. साखर खाल्ली होती. त्यांचा पुतण्या तुमच्या बीदरच्या शाळेत, तो होता त्या हॉलात. त्यानं घरी जाऊन सांगितलं. जगदेवप्पा आला, ह्याच स्टुलावर बसला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही पाय घसरला म्हणलाव. आता असं ऐकायलोय. ज्या घरात पोरी असं करतेत, त्या घरात मी पोरगी कशी देऊ?" आमच्या मालकांनी त्याला हात जोडले. मंग आत गेले आन भुवीची पुस्तकं माळ्यावर टाकली. मारलं न्हाई, हात न्हाई लावला तिला. एवढंच म्हणाले, "एक पोरगी त्या शाळेनं खाल्ली, दुसरी देणार न्हाई." मृत्युंजयचा फोन आला, मला वाटलं तो पण भडकणार. तो म्हणाला, "अव्वा, भुवी खरं बोलली न्हवं? मंग तिला कामून कोंडलाव?" लगीन त्याचं मोडलं आन तो असं बोलतो. पुण्याला जाऊन येडा झालाय.

कामून म्हणाले, शाळेनं खाल्ली? ते तुम्ही मलाच इचारताव? तुम्ही तवा न्हवताव, ठाऊक है मला, तुम्ही मागच्या साली आलाव. पण शाळा तीच है न्हवं? भिंत तीच, घंटा तीच, तो पांढरा झगा पण तोच. माझी चन्नी त्याच वर्गात बसायची. ती गप झाली, वही लिवीना झाली, तवा तुमच्या शाळेनं काय केलं? भाईर उभं केलं. व्हरांड्यात. ऊन तिच्या तोंडावर यायचं. आम्हाला बोलवून सांगितलं, पोरगी लक्ष देत न्हाई, आळशी झालीय, घरी धाक ठेवा. मी ठेवला धाक. शाळेनं सांगितलं म्हणून ठेवला! गल्लीतल्यांनी म्हणलं भानामती है, कुणीतरी केलंय, तर तिला घेऊन गेलो तिकडं पण, लिंबू झालं, धूर झाला, त्या माणसानं तिचे केस धरून हलवलं, आन ती माझ्याकडं बघत होती. अशीच बघत होती, भुवी त्या दिवशी माईक धरून बघत होती तशी. आम्ही कामून न्हाई नेली डॉक्टरकडं? अहो कुणी सांगितलं होतं का औषध है म्हणून? तवा तुमचा मेळावा कुठं गेला होता? तवा ती बेंगळूरची डॉक्टरीणबाई कुठं होती, ते हात वर हात खाली गाणं कुठं होतं? माझी पोरगी मेल्यावर तुम्हाला मन सापडलं व्हय? आन आता येताव, हळू आवाजात बोलताव, डोळ्यात पाणी आणताव. पुसा ते. माझ्यापुढं न्हाई रडायचं. मी न्हाई रडले, तुम्ही कोण?

आन भुवीची काळजी मला शिकवू नका. मला शिकवू नका सिस्टर! ती रोज माझ्याजवळ झोपते. तिच्या ओढणीचं टोक मी माझ्या मनगटाला बांधते. रोज. ती उठली की मला झटका बसतो, मंग मी पण उठते, मोरीपर्यंत जाते, भाईर उभी ऱ्हाते. पयल्यापासून. चन्नी गेली त्या दिवसापासून. भुवी तवा एवढीशी होती, खेळ वाटायचा तिला, हसायची. आता हसत न्हाई, निमूट हात पुढं करते. — काय? काय बघायलाव असं?

व्हय. व्हय, मंग? पाय घसरून मेली असती तर दुसरीच्या ओढणीला गाठ कामून मारली असती मी? आडाचा काठ माझ्या छातीएवढा होता. तिथनं कुणाचा पाय घसरत न्हाई. मला ठाऊक न्हवतं असं वाटलं का तुम्हाला? ह्यांना ठाऊक न्हवतं? आम्ही दोघं एका ताटापुढं बसतो आन दोघांना ठाऊक है आन दोघं म्हणतो आमटी खारट झाली. मला राग त्याचा न्हाई की ती खरं बोलली. मला राग है की ती तुम्हाला बोलली. माझ्या मनगटाला बांधलेली पोरगी, एका हाताच्या अंतरावर, आन ती जाऊन परक्या हॉलात बोलते, आन बोलते ते पण इंग्रजीत — म्हणजे मला कळू नये म्हणून! आईला कळू नये म्हणून! मी काय वाईट केलंय तिचं?

काय म्हणलाव?

परत बोला.

तिनंच बोलवा म्हणलं मला? … सगळ्या आयांना न्हवतं बोलवलं? पण तिथं होत्या की बायका… त्या गुलबर्ग्याच्याच व्हय. चर्चच्या. मंग फोन तुम्ही भुवीच्या म्हणण्यावरनं केलाव? "अव्वा आली तर बोलीन" असं म्हणाली? … मंग मला कळावं असं वाटत होतं तर इंग्रजीत कामून? सरळ मराठीत बोलायचं न्हाई का, मी काय बहिरी है?

…मराठीत निघत न्हाई म्हणाली. 

तोंडातनं निघत न्हाई.

हं.

व्हय. ते मला पण निघत न्हाई. आता तुमच्यापुढं निघालं, तुम्ही परक्या म्हणून निघालं असंल. घरात निघत न्हाई. घरात तो शब्दच न्हाई आमच्या. दुसऱ्याच्या भाषेत बरं पडत असंल, उसनी सांडशी असते तसं, आपला हात भाजत न्हाई. आन मी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडं बघत होती आन मी… तिला काय वाटलं असंल, सिस्टर? तिला वाटलं असंल का, की अव्वाला कळलं, म्हणून वाजवायलीय? तसं वाटलं असंल एक घडीभर? म्हणून झोपली असंल का ती बसमध्ये? 

बोलू नका तुम्ही. तुम्हाला इचारलं न्हाई मी.

आन माझ्याबद्दल तर काढूच नका. मी कशाला भेटू डॉक्टरीणबाईला? मला काय झालंय? झोप न्हाई येत ते दुकानाच्या टेन्शननं. मी येडी न्हाई. माझं काय बी करायचं न्हाई तुम्ही. पोरीचं बगा तुम्ही, जमलं तर पोरीचं बगा.

ऐका — ती स्कूटर. ह्यांची है, गल्लीच्या तोंडापासनं आवाज कळतो. उठा. तो गिलास तिकडं सारा, बरणीच्या मागं. ऐका नीट, पुन्यांदा सांगणार न्हाई. मंगळवारी हे सोलापूरला जातेत मालाला, सकाळच्या गाडीनं. मी घेऊन येते तिला. पुस्तकं माळ्यावरनं मीच काढीन. पण मी तिथं बसणार, शाळेतच, तुमच्या हापिसात बसीन न्हाईतर व्हरांड्यात बसीन. आन त्या डॉक्टरीणबाईला बोलवा म्हणा. पोरगी जे बोलंल ते माझ्यासमोर बोलंल, आन मराठीत. अडकली तर अडकू द्या. मी थांबीन. तुमच्या त्या फादरनं मधी पडून सांगायचं न्हाई. ह्यांना संध्याकाळी आल्यावर मी सांगते, ते माझं मी बघते, ते वाईट न्हाईत, ते भ्यालेत. आता मी वरडणार है. वाईट वाटून घ्यायचं तर घ्या. मान खाली घाला आन चालू लागा, मागं बघू नका —

— आहो एकदा सांगितलेलं कळत न्हाई का तुम्हाला! न्हाई यायची म्हणजे न्हाई यायची आमची पोरगी! एक गेली तेवढी बास झाली! पुन्यांदा ह्या पायरीवर दिसलाव तर बगा! उतरा खाली! चला, निघा!

— काय न्हाई ओ. शाळेची सिस्टर आलती. हाकलून दिलं. गाडी सावलीत लावा, सीट तापंल. जेवायला वाढू?